मध्यंतरानंतर

“नका जाऊ हो, लय फालतू शिनेमा हाये,” कडूबा सकाळपासून घरोघर सांगत फिरत होता, आणि गाव चाट पडून त्याच्याकडे पाहत होतं.

चाट पडायला कारणही तसंच होतं. हाच सिनेमा मागच्या दिवाळीत कडूबाने पारावर बसून सगळ्या गावाला सांगितला होता आणि ‘जल्मात एकदा तरी पाहाच’ म्हणून गळ घातली होती. आता बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून तोच सिनेमा दारात आला, तर हा बाबा म्हणतो जाऊ नका.

“यालेच तिकिटाले पैसे भेटले नसतीन घरून,” वामनराव म्हणाले. एवढं झाल्यावर न जाणारेही जायला निघाले.

कडूबाचं दुखणं कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मळ्यातली विड्याची पानं घेऊन तो दर गुरुवारी शेगावला जायचा. देवळाजवळच्या पानठेल्यांवर पानं पोचवली की दुपारच्या खेळाला जाऊन बसायचा. पण गावाकडची शेवटची पॅसेंजर त्याच्या सिनेमासाठी थोडीच थांबणार होती. मध्यंतराचे दिवे लागले की कडूबा धोतर सावरत स्टेशनकडे पळायचा. आजवर त्याने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. उरलेला अर्धा तो गाडीत बसून स्वतः रचायचा, आणि गाव येईपर्यंत सिनेमा पुरा झालेला असायचा. पाहू पाहू म्हणणारे लोक शेगावला गेले तरी दर्शन घेऊन परतायचे. त्यामुळे गावाला कडूबाचाच सिनेमा खरा, आणि कडूबाचं चांगलं चाललं होतं.

या सिनेमात एक बाप होता. लेकीने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून तो तिला मेली समजतो. लेक दाराशी येते, आतून कडी, आणि मध्यंतर. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या कडूबाला भरून आलं. त्याने बापाला बैलगाडी जुंपायला लावली, लेकीच्या गावी पाठवलं, तिला वाजतगाजत घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पारावर हे सांगताना तो स्वतः रडला आणि सगळा पार रडला. पुंजाजी तेवढे उठून गेले.

पुंजाजी म्हणजे गावातला कडक माणूस. दर गुरुवारी स्वतःच्या बैलांच्या दमणीने शेगावला दर्शनाला जाणारे, आणि सिनेमाचं नाव काढलं की बाजूला थुंकणारे. त्यांच्या लेकीने, कोकिळेने, खामगावच्या एका कारकुनाशी परस्पर लग्न केलं, तेव्हापासून त्या घरात तिचं नाव घ्यायची चोरी होती. आणि कडूबाच्या गोष्टीला दोन-तीन दिवस होतात न होतात तोच पुंजाजींनी दमणी जुंपली आणि लेक, जावई, नात असं सगळं बिऱ्हाड घरी घेऊन आले. एरवी गावाने त्यांना टोचून खाल्लं असतं. पण सिनेमातल्या बापाने आणली तशी यांनीही आणली, असं म्हणून लोकांनी डोळे पुसले. तेव्हापासून कडूबा छाती काढून चालायला लागला. एक मोडलेलं घर आपण नुसत्या तोंडाने जोडलं, हे सुख लहान नव्हतं.

आणि आता पडद्यावरचा बाप काय करणार, हे खुद्द कडूबालाच ठाऊक नव्हतं. त्याने लेक आणलीच नाही तर? गाव थापाड्या म्हणेल, ते एक वेळ सोसता आलं असतं. पण एका पानवाल्याच्या थापेपायी आपण मान खाली घातली, हे पुंजाजींना कळलं तर कोकिळेला पुन्हा दार बंद.

संध्याकाळी पुंजाजी सगळ्या घराला घेऊन तंबूत पुढेच येऊन बसले. मध्यंतराचे दिवे लागले आणि सवयीने कडूबाचे पाय उठले. मग त्याच्या लक्षात आलं की आज कुठलीच गाडी पकडायची नाही. तो खाली बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने सिनेमाचा शेवट पाहिला. बाप शेवटपर्यंत लेकीकडे गेला नाही. दाराकडे डोळे लावून एकटाच मेला.

गॅसबत्त्या पेटल्या.

“कडूबा,” वामनराव मोठ्याने म्हणाले, “बाप तं मेला बे. तू तं म्हने गाडी जुंपते अन् लेकीले घेऊन येते.”

सगळा तंबू त्याच्याकडे वळला. कोकिळा डोळ्यांना पदर लावून बापाकडे पाहत होती.

पुंजाजी उठून उभे राहिले. “शेगावच्या शिनेमात आनते,” ते म्हणाले. “म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. याच्या मांगच्याच बाकड्यावर बसलो होतो. हा तंबूवाला रीळ खाऊन राह्यला.”

पुंजाजी खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. लोक तंबूवाल्याकडे धावले आणि तो बिचारा देवाच्या शपथा घ्यायला लागला. कडूबाचा जीव भांड्यात पडला, आणि वर थोडी ऐटही चढली. म्हणजे गाडीत रचलेलं तेच खरं निघालं होतं तर. गर्दीतून वाट काढत तो पुंजाजींजवळ गेला.

“भाऊ,” त्याने हळूच विचारलं, “खरंच आनते?”

पुंजाजींनी पेंगुळलेली नात खांद्यावर घेतली आणि आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

“तू तं मध्यंतरालेच पयाला होता, तुले काय माईत,” ते म्हणाले. “नाई आनत. तिथंबी असाच मरते. म्हनून तं म्या दमनी जुंपली.”