तांबडी का बसली

"बातम्या संपल्या की कापतो," असं म्हणून धोंडिरामनं सुरी मोरीच्या कडेला ठेवली. रात्रपाळी करून तो नुकताच कंपनीतून आला होता. आत रेडिओवर सात-पाचच्या बातम्या सुरू झाल्या होत्या.

चाळीमागच्या खुराड्यात तांबडी कोंबडी तीन दिवस एका जागी बसून होती. पिसं फुगवलेली, दाण्याला तोंड नाही. गेल्या वर्षी मानमोडी रोगाच्या साथीत पहिली कोंबडी अशीच बसली होती. तेव्हा शेजारची क्षमा म्हणाली होती, "एक दिवस थांबा, उठेल." चार दिवसांत अकरा गेल्या. आता तीनच उरल्या होत्या आणि यंदा बी.एस्सी. झालेली क्षमा घरचा थर्मामीटर घेऊन खुराड्यापुढे उकिडवी बसली होती.

"खुडूक झालीय ओ ती," धोंडिरामची बायको चंपा म्हणाली. "अंडी उबवायचीत तिला. अशा कोंबडीवर सुरी धरतात का कुणी?"

"अंडी कुठायत खाली? रोज तूच काढून आणतेस. मग काय उबवतेय, फळी?"

"खाली अंडं नसलं तरी बसतात, काका," क्षमा म्हणाली.

"रोग झाला तरी बसतात. बघितलंय मी."

क्षमानं थर्मामीटर तांबडीच्या पंखाखाली सरकवला आणि घड्याळ बघून दोन मिनिटं धरला. एकशे सहा.

"झालं," धोंडिराम म्हणाला. "माणूस असता तर एव्हाना बांबू आणायला गेलो असतो."

आकडा खरा होता. पण तो कशाच्या मानानं जास्त, हे क्षमाला ठाऊक नव्हतं. अंगणात ठिपक्यांची कोंबडी माती उकरत होती. दाणे टिपत होती, अगदी ठणठणीत.

"काकू, हिला धरा जरा."

तिनं पारा झटकला. ठिपकी पाय झाडत होती. पुन्हा दोन मिनिटं. एकशे सहाला दोन रेघा कमी.

"अगं बाई, हिलापण ताप?"

"ताप कुणालाच नाही, काकू. कोंबडीचं अंगच एवढं गरम असतं."

"म्हणजे खुडूकच."

गेल्या वर्षीची क्षमा हो म्हणाली असती. "म्हणजे ताप नाही, एवढंच," ती म्हणाली.

रेडिओवर ठळक बातम्या पुन्हा सांगू लागले.

"काकू, एक अंडं द्या."

"कच्चं कुठलं आता? दोन होती, ती यांच्यासाठी उकडली."

"सोललीत?"

"नाही अजून."

चंपानं ताटली आणली. क्षमानं एक अंडं नळाखाली गार केलं, जमिनीवर वीत टेकवली आणि तांबडीपासून बरोबर तेवढ्या अंतरावर ते ठेवलं.

"खुडूक असेल तर पोटाखाली ओढून घेईल," ती म्हणाली. "आजारी असेल तर बघायचीसुद्धा नाही."

तांबडीनं बघितलं नाही. बातम्या संपल्या. धोंडिरामनं सुरी उचलली. त्याला पुन्हा थांबा म्हणायला क्षमाची जीभ उचलली नाही.

तांबडीची मान हळूच लांबली. चोच अंड्याच्या पलीकडे गेली. चोचीची खालची बाजू लावून तिनं ते ओढलं. ते घरंगळलं. तिनं पुन्हा ओढलं, छातीशी आणलं, अंग उचलून पोटाखाली घेतलं आणि घशातून कुरकुरत खाली बसली.

"अगं, उकडलेलंय ते," धोंडिराम तांबडीला म्हणाला.

चंपा तोंडावर पदर धरून हसत होती. क्षमा निःश्वास टाकून उठू लागली.

"थांब," धोंडिराम म्हणाला. "एकदा चुकूनही होतं."

तो खुराड्यापुढे बसला. ताटलीतलं उरलेलं अंडं त्यानं उचललं, आपली वीत जमिनीवर टेकवून नीट मोजली, आणि ते तिच्यापुढे ठेवलं.