राजाची लेक

मेलेल्या राजकन्येला दोन्ही हातांवर घेऊन म्हातारा राजा रंगमंचावर आला आणि त्यानं हंबरडा फोडला. जुन्या इंग्रजी शोकांतिकेचं मराठी रूपांतर होतं. प्रयोग गावातल्याच हौशी मंडळाचा. दुसऱ्या रांगेत कुमुदनं पदर तोंडाशी धरला. राजाच्या भूमिकेत तिचा नवरा होता. गेल्या वर्षी पोटची मुलगी गेली, तेव्हा स्मशानातही तो रडला नव्हता.

"वहिनी, भाऊंनी काळीज हलवलं हो!" शेजारीण डोळे पुसत म्हणाली. तेवढ्यात मागून आरोळी आली, "वन्स मोअर!" बघता बघता सगळं नाट्यगृह ओरडू लागलं.

कुमुद संतापली. लेकीचं मरण परत करून दाखवायचं?

पण रिवाजच तो. राजानं मान लववली. त्याच्या हातांवरच्या पोरीनं डोळे उघडले, ती टुणकन खाली उतरली आणि झगा सावरत, हसत विंगेत पळाली. कुमुद बघतच राहिली.

राजा तिला पुन्हा घेऊन आला. पुन्हा तोच हंबरडा. या वेळी नुसत्या टाळ्या झाल्या. पोर निपचित पडलेली असतानाच पडदा सरकू लागला.

कुमुद ताडकन उभी राहिली आणि फाटक्या आवाजात एकटीच ओरडली, "वन्स मोअर!"