हवेतले खड्डे

हेमचंद्र आइंडहोवनच्या एका कंपनीत यंत्रांच्या थरथरण्याचा अभ्यास करायचा. त्यामुळे आईला पहिल्यांदाच विमानाने नेदरलँड्सला आणताना, तिला धीर द्यायला आपल्याइतका लायक माणूस दुसरा नाही, अशी त्याची खात्री होती.

ॲम्स्टरडॅम अर्ध्या तासावर आलं आणि विमान गदागदा हलायला लागलं. आईने त्याचा हात घट्ट धरला.

"घाबरू नकोस आई. हवा खालीवर होते, म्हणून विमान हलतं. पंख वाकताहेत ना, ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात," असं म्हणून त्याने जी सुरुवात केली, ती वाऱ्याचे प्रवाह, ढगांचे प्रकार, पट्ट्याचं महत्त्व असं करत तो थांबेचना. आई आपली "हो रे, हो" म्हणत राहिली. चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा कुठे तो गप्प झाला. आपण होतो म्हणून आई निभावली, या विचाराने त्याची छाती फुगली.

बॅगांची वाट बघताना आईने त्याच्या बहिणीला फोन लावला.

"पोचलो गं चारुता. मी मजेत. हेमूच फार घाबरला होता बाई! लहानपणी अंधारात मोठमोठ्याने पाढे म्हणायचा ना, तसा आज विज्ञान म्हणत होता."