तुपावरचा संशय

बाबांच्या तेराव्यानंतर मी तुपाची बरणी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "पथ्य असताना हे त्यांना कोण वाढत होतं, विचारा आईला."

आईनं बरणी स्वतःकडे ओढून घेतली.

"एकट्या तुपावर नका ढकलू," डॉक्टर म्हणाले. "रक्तातली चरबी धमनीच्या भिंतीत शिरते. ती साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. थर वाढतो, फुटतो, रक्त गोठतं आणि हृदयाचा झटका येतो. म्हणून तर चरबी कमी करायची गोळी दिली होती."

"गोळीनं त्यांचे पाय दुखायचे," आई पुटपुटली. "बघवेना. दिवाळीपासून मीच बंद केली. म्हणजे मीच गं…"

"बाबा ती गोळी माझ्याकडून मागवून घेत होते," मी खोटंच म्हणाले. "तुला न सांगता."

"लबाडच होते," म्हणत आई पहिल्यांदा रडली.