वरातीची गाडी

साखरपुड्यापासून जयराजचा रोज एकच फोन. “शिवांजली, वरातीला कन्व्हर्टिबल सांगू का कूपे?” कन्व्हर्टिबलचा टप उघडला तर फेटा उडणार, कूपेच्या बुटक्या टपाखाली फेटा मावणार नाही. दोन महिने तेच ऐकून माझे कान किटले. शालू कुठल्या रंगाचा घेतलास, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आज लग्न लागलं आणि कराडच्या मंगल कार्यालयाबाहेर लाल कन्व्हर्टिबल आली. आईच्या गळ्यात पडून रडले, डोळे पुसून वळले, तर स्टेअरिंगवर गाडीमालकाचा ड्रायव्हर. “भाड्याची गाडी हाय. चावी कुणाला देत न्हाई.” कन्व्हर्टिबल काय नि कूपे काय, असल्या गाड्यांना सीटा दोनच; ड्रायव्हर बसला, उरली एक. जयराजनं सीटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, फेटा चाचपला. “कूपे सांगायला पायजे हुती का?” मी शालू सावरून आत बसले. “दादा, चला वडूजला, माझ्या सासरी.” “आणि मी?” “तुमी वऱ्हाडाच्या टेम्पोतनं या. फेटा उडायचाबी न्हाई, अडकायचाबी न्हाई.”