वाकायचं नाही

मंगळाच्या फेरीवरून चार वर्षांनी परतलेली हेमांगी दारात उभी होती. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तशी ती सवयीने पाया पडायला निघाली.

"वाकू नकोस!" आई ओरडली.

डॉक्टरांनी बजावलं होतं. अंतराळातल्या भारहीन, किरणांच्या माऱ्यातल्या जगण्यात अंगातला प्राणवायूच शरीरावर उलटला होता. लोखंड गंजावं तशी हाडं आतून पोखरली गेली होती. बेचाळिशीतच हेमांगीचा कणा नव्वदीचा झाला होता.

"मग नमस्कार कसा करू, आई?"

शहात्तर वर्षांची आई कठडा धरत जिन्याच्या पाच पायऱ्या चढली आणि वळून उभी राहिली. तिची पावलं आता लेकीच्या हातांशी आली होती.

"आता पड पाया. आणि उतरताना मला धरायला येऊ नकोस. माझी हाडं धड आहेत."