काउआईवरचं मुंगूस

“वैदेही, आज मला मुंगूस दिसलं!”

सकाळी फिरून आलेल्या सुलेखाताई अंगणातूनच ओरडल्या. बंदराच्या कुंपणाजवळ आडवं गेलं होतं. मांजर आडवं गेलं की माघारी फिरावं, पण मुंगूस दिसलं की दिवस सोन्याचा. लहानपणी घालायच्या तशी त्यांनी त्याला रामाची शपथ घातली, आणि पठ्ठ्याने मान वळवून तोंडही दाखवलं. आता लेकीचं भलं होणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका हा प्रकार सुलेखाताईंना तसाही क्वचितच होई.

वैदेहीने चहाचा कप खाली ठेवला. “आई, आर यू शुअर? मांजर नव्हतं?”

“नागपूरला आपल्या कुंपणात मुंगसांच्या पिढ्या नांदल्या. मला मुंगूस शिकवतेस?”

“अगं, पण काउआईवर मुंगूस नाहीये! हवाईच्या दुसऱ्या बेटांवर त्यांनी पक्ष्यांची वाट लावलीय. इथले पक्षी उरलेत ते केवळ मुंगूस नाही म्हणून. जमिनीवर अंडी घालतात बिचारे.” ती फोन शोधत होती. “लगेच रिपोर्ट करते. पकडतील आज-उद्या.”

“पकडून?”

“मारतात, आई.”

सुलेखाताई आणखी काही सांगणार होत्या. ते त्यांनी गिळलं.

बॉथेल शहरातली बायोटेक कंपनीतली नोकरी सोडून पोरगी या बेटावर पक्षी राखायला आली, हे त्यांना आधीच पचलं नव्हतं. त्यात आता हे. देवाने होऊन शकुन पाठवावा आणि आपण तोंड उघडून त्याचा जीव घ्यावा! त्यांना स्वतःच्या जिभेचा संताप आला.

दुपारी ग्लेन आला. पिंजरे लावण्याचं काम त्याचं. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगाने काटक. इथल्या रीतीप्रमाणे तो सगळ्या गावाचा अंकल, आणि वयाने मोठा असूनही सुलेखाताईंना ‘आंटी’ म्हणणारा. त्याने जागा विचारली, रंग विचारला, शेपूट विचारली. सुलेखाताईंनी विचारलं तेवढंच सांगितलं. उभा जन्म वकिली केली होती. साक्षीदाराने किती बोलावं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बंदरावर पिंजरे लागले. वैदेहीची जेवणावरची वासना उडाली. ऑफिसातली माणसं आडून आडून म्हणत होती, वयस्कर बाई आहेत, कोंबडी पाहिली असेल. इथे कोंबड्या रस्तोरस्ती फिरतात. सुलेखाताई म्हणाल्या, “येऊ दे पिंजऱ्यात, मग बघू कोंबडी किती अंडी घालते.”

आठवडा उलटायच्या आत ते सापडलं.

सुलेखाताई हट्टाने बघायला गेल्या. आपल्याकडच्यापेक्षा जरा बारीक, पण तेच लाल डोळे, तीच चुळबुळ. ग्लेनने पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, अगदी हळू.

“तुमच्याच देशातून आलंय हे, आंटी,” तो म्हणाला. “म्हणजे याचे पूर्वज. उसाच्या मळेवाल्यांनी उंदीर मारायला आणले. उंदीर फिरतो रात्री, हा फिरतो दिवसा. गाठ पडणार कशी? मग याने पक्ष्यांची अंडी खाल्ली. माझ्या आजोबांनाही त्याच मळेवाल्यांनी जपानहून ऊस तोडायला आणलं.”

“मग तुम्ही इथले झालात, आणि याला मात्र मरण?”

“आम्ही अंडी नाही खाल्ली, आंटी.”

सुलेखाताईंनी गोणपाटाचं दुमडलेलं टोक सरळ केलं. कोर्टात असं हरायची त्यांना सवय नव्हती.

“तुमच्यामुळे बेट वाचलं,” ग्लेन हसून म्हणाला. “संध्याकाळी सगळे पिंजरे उचलतो.” वैदेहीने आईला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी पोरगी मोकळी हसली होती. झालं ते झालं, सुलेखाताईंनी मनाला बजावलं. यापुढे आपल्या तोंडून कुणाचा जीव जायचा नाही.

घरी जाताना वैदेहीने एका गवताळ उतारापाशी गाडी थांबवली. “ये, तुला नेने पक्षी दाखवते. आपल्या हंसाच्या जातीतले, फक्त याच बेटांवरचे.”

नर-मादी दोघं चरत होती आणि मध्ये लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं. माणसं पाहून पळायचं सोडून ती सरळ चालत आली. एक पिल्लू तर सुलेखाताईंच्या चपलेची वादी चोचीने ओढू लागलं.

“अगं, ही भीत कशी नाहीत?”

“कुणाला भ्यायचं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नाही, आई.”

“आणि आईबाप? ते तरी उडतील ना, काही आलंच तर?”

“नाही गं. पिल्लं लहान असताना त्यांची पंखांची पिसं झडतात. पोरांसारखंच त्यांनाही उडता येत नाही. पोरांना सोडून जायची सोयच नाही.”

सुलेखाताई वाकल्या होत्या, तशाच राहिल्या. मादी त्यांच्याकडे मान तिरपी करून बघत होती. डोळ्यांत ना धाक, ना संशय. नर निवांत गवत खुडत होता. खाली बंदराचे दिवे लागायला आले होते.

“ग्लेनला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “म्हणावं, पिंजरे उचलू नकोस.”

“का? ते तर सापडलं ना?”

सुलेखाताईंनी पिल्लाच्या चोचीतून वादी अलगद सोडवली.

“एकटं नव्हतं गं. जोडी होती.”